सायलेन्सरमधून पाणी टपकतंय, इंजिन गेलं का?

प्रश्न (लष्कर भाग, ग्वाल्हेर): बाबांची २००३ची शंभर सीसी गाडी. सकाळी किक मारली की सायलेन्सरमधून काळपट पाणी टपकतं. फरशीवरच्या डागांवरून आई रोज ओरडते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडावं लागेल.

उत्तर १: अजिबात उघडू देऊ नकोस! पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, लिटरमागे जवळजवळ लिटरभर. एरवी वाफ होऊन उडतं. आपल्याकडच्या जानेवारीत गार नळीत त्याचं पाणी होतं. काळेपणा काजळीचा. आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आहेच कुठे गळायला?

उत्तर २: बोटावर घेऊन बघ. चिकट लागलं, निळा धूर असला तर ऑइल. मग ऑइल अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सील तपास.

प्रश्नकर्ता: चिकट नाही. धूर पांढरा, गाडी तापली की गायब.

उत्तर १: मग झालं तर. नुसती इथल्या इथे बाड्यापर्यंत नेऊ नकोस, पाणी आत राहून सायलेन्सर सडतो. लांब मुरारपर्यंत दामटव अधूनमधून, म्हणजे तापून पाणी उडेल.