रिक्तिका ही नुसती कोठी नव्हे
एका प्रतिसादात रिक्तिकेला, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पिशवीला, ‘पेशीची नुसती कोठी’ म्हटले आहे. साठवणुकीचा मुद्दा मान्य आहे, ‘नुसती’ मान्य नाही. प्रौढ वनस्पतिपेशीचे कित्येकदा ८० ते ९० टक्के आकारमान तीच व्यापते आणि तिच्यातील रसाचा दाब जीवद्रव्याला (पेशीतील जिवंत द्रव्याला) पेशीभित्तिकेवर (पेशीच्या बाहेरच्या ताठ आवरणावर) रेटून धरतो, म्हणूनच कोवळी पाने ताठ राहतात. मुंबईत सोसायट्यांच्या कुंड्यांमध्ये सर्रास दिसणाऱ्या रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रिक्तिकेतील जांभळा रस आकसून भित्तिकेपासून सुटताना स्पष्ट दिसतो. भित्तिकेचा आकार मात्र फारसा बदलत नाही. वेळीच साधे पाणी दिले, तर रंग पुन्हा कडेपर्यंत पसरतो.