बाभळीचं बी रात्रभर भिजवूनही का रुजत नाही
बी पेरण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवावं असं बरेचदा सुचवतात, पण बाभळीला तेवढ्याने भागत नाही. तिच्या बियांचं कवच इतकं घट्ट असतं की गार पाणी आत शिरतच नाही. पाणी उकळून भांडं गॅसवरून उतरवा, मग त्यात बी टाका आणि तसंच गार होऊ द्या. उकळत ठेवलंत तर आतला गर्भ शिजतो. २४ तासांनी फुगलेलं बी वेगळं काढा. जे कडकच राहिलं त्याला पुन्हा गरम पाणी. बारीक गोल भोक असलेलं बी आधीच टाकून द्या, ते भुंगेऱ्याने पोखरलेलं असतं. शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातलं बी मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्याचं कवच जनावराच्या पोटातच मऊ झालेलं असतं.

खरी गफलत पुढे होते, रोप वाढवायच्या पिशवीत. रोप वर बोटभर दिसतं तेव्हा सोटमूळ तळाला टेकलेलं असतं. ते तिथे वेटोळं घालून बसलं की पुढे झाड वाऱ्याने कलंडतं. म्हणून पिशवी रुंद नको, उंच घ्या. दर दोन-तीन आठवड्यांनी ती जागेवरून हलवा, नाहीतर मूळ खालच्या जमिनीत घुसतं आणि उचलताना तुटतं. जागा पक्की असेल तर सरळ खड्ड्यातच दोन-तीन बिया टाका, सेंटीमीटरभर खोल, आणि नंतर जोमदार रोप तेवढं ठेवा. जागा मात्र पूर्ण उन्हाची हवी. सावलीत बाभूळ नुसती किडकिडीत वाढते.