प्रतिसाद: वारसा हाताचा, पण लाकडाचे काय?

फिलिपिन्समधले कौटुंबिक लाकूडकाम नव्या पिढीला कष्ट नकोसे झाल्यामुळे संपत चालले आहे, हे मत मला अपुरे वाटते. लगुना प्रांतातल्या पाएते या गावाचे नावच ‘पाएत’ म्हणजे छिन्नी या तागालोग शब्दावरून पडले आहे, आणि 2005 साली राष्ट्राध्यक्षांनी त्याला देशाची कोरीवकामाची राजधानी म्हणून घोषित केले. तिथे संतांच्या मूर्तींसाठी बातिकुलिंग हे वाळवीला सहजी न बधणारे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या पसंत केले गेले. लाकडातले तंतू कोणत्या अंगाने जातात आणि छिन्नी कुठे थांबवायची, हे ज्ञान कागदावर उतरत नाही. ते वडिलांशेजारी बसूनच हातात मुरते.

मात्र 2011 च्या कार्यकारी आदेश क्र. 23 ने नैसर्गिक जंगलांतल्या वृक्षतोडीला देशभर स्थगिती दिली. जंगले उजाड झाली होती, त्यामुळे तो निर्णय मला योग्यच वाटतो. तरीही कारागिराला कायदेशीर लाकूड मिळण्याची सोय झाल्याखेरीज मुलाने धंदा पुढे चालवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

याच गावातली ‘ताका’ ही कला विशेष विचार करण्याजोगी आहे. लाकडी मूर्तीवर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवतात, वाळल्यावर ते कापून सोडवतात, पुन्हा जोडून रंगवतात. आजोबांनी कोरलेला एकच साचा नातवंडांनाही पुरतो, आणि त्यासाठी नवे झाड पाडावे लागत नाही.