दहावीनंतर एनडीए: अकरावीला काय घ्यावं, सुरुवात कुठून करावी?

वारणाकाठ:
नमस्कार. यंदा दहावीला आहे, सेमी इंग्रजी. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) जायचंय, पहिली पसंती नौदल. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं तर चालेल का? चष्मा आहे, तो लेसर करून घालवावा का? एसएसबीचे (लेखी परीक्षेनंतरच्या निवड मुलाखतीचे) क्लास आत्तापासून लावावेत का?

गणित_आधी:
गणित सोडू नकोस. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित तिन्ही लागतात. नाहीतर फक्त लष्कर उरतं. लेखी परीक्षा 900 गुणांची: गणित 300, सामान्य क्षमता 600 (त्यात इंग्रजी 200). गणिताचे 120 प्रश्न अडीच तासांत, म्हणजे एका प्रश्नाला 75 सेकंद. बरोबरला 2.5, चुकलं की 0.83 वजा.

बोर्डात चांगले गुण मिळवणारी मुलं इथेच अडकतात, कारण हात पायऱ्या लिहायला सरावलेला असतो. x² − 5x + 3 = 0 ची मुळं α, β, तर α³ + β³ किती? मुळं काढायला गेलास तर √13 गळ्यात पडतं. मुळांची बेरीज 5, गुणाकार 3, म्हणून 5³ − 3×3×5 = 125 − 45 = 80, संपलं. अकरावीचा प्रत्येक धडा झाला की त्याच आठवड्यात त्यावरचे जुन्या पेपरांतले प्रश्न घड्याळ लावून सोडव. बारावीवर ढकललंस तर बोर्डाची परीक्षा आणि एनडीएचा एप्रिलचा पेपर एकाच वेळी अंगावर येतात. सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोलाला नववी-दहावीची पुस्तकं सांभाळून ठेव, रद्दीत घालू नकोस.

सह्याद्री_पायवाट:
लेसर अजिबात नको. ती शस्त्रक्रिया वयाची 20 वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली चालत नाही आणि एनडीएची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे केलीस की दार बंद. त्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडून नंबर आणि रंगदृष्टी तपासून घे आणि एनडीएच्या जाहिरातीच्या वैद्यकीय परिशिष्टातल्या नौदलाच्या निकषांशी ताडून बघ. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, नाकाचं वाकडं हाड हेही आत्ताच दाखव.

छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयची (सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था) प्रवेश परीक्षा जरूर दे. राज्य सरकारची ही संस्था 1977 पासून मुलांची अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेते. प्रवेश दहावीच्याच वर्षी होतो, त्यामुळे आत्ता जाहिरात चुकली तर पुन्हा संधी नाही. मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था आहे.

पळण्याचं लक्ष्य 2.4 किमी 15 मिनिटांत. सोबत किमान 20 जोर, 20 सिट-अप्स आणि 8 चिन-अप्स. चिन-अप्सला सगळ्यात जास्त महिने लागतात, म्हणून ते आधी सुरू कर.

शब्द_साठ:
एसएसबीचे क्लास आत्ता नकोत. तिथल्या शब्दचाचणीत (शब्द दिसला की त्यावर लगेच इंग्रजी वाक्य लिहायचं) 60 शब्द येतात, प्रत्येकाला 15 सेकंद. आधी मराठीत विचार करून मग इंग्रजीत लिहिणाऱ्याचं वाक्य अर्धंच राहतं आणि पाठ केलेली वाक्यं मानसशास्त्रज्ञाला लगेच कळतात. रोज दहा मिनिटं इंग्रजी बातमी मोठ्याने वाच, मग ती बाजूला ठेवून तिच्यावर पाच वाक्यं लिही. शाळेच्या संघात खेळ, एनसीसी असेल तर घे. मुलाखतीत प्रश्न त्यावरूनच निघतात.

आणखी एक, दहावीच्या बोर्डाचा अर्ज भरताना नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर तपास. एनडीएची लेखी परीक्षा घेणारी यूपीएससी जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरते. आधारवर नाव वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घे.