‘हाडवैर’ की ‘भाऊबंदकी’? ज्यू–पॅलेस्टिनी प्रश्नासाठी मराठी शब्द

विचारणा

मी दहावीला इतिहास शिकवते. वर्गातल्या मुलांनी भित्तिपत्रक केलं, मथळा दिला : ‘ज्यू आणि पॅलेस्टिनी : तीन हजार वर्षांचं हाडवैर’. दुसऱ्या गटाला ‘भाऊबंदकी’ हवं होतं, कारण ज्यू इसहाकाचे वंशज, अरब इश्माएलाचे, आणि दोघांचा बाप अब्राहाम. मला दोन्ही शब्द खटकले, पण का ते मुलांना नीट सांगता आलं नाही. शिवाय ज्यू, यहुदी, इस्रायली हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, हेही कळून घ्यायचं आहे.

प्रतिसाद

बाई, तुमचा कान बरोबर आहे. आधी ‘तीन हजार वर्षं’ घेऊ.

मुलांच्या डोक्यात बहुधा बायबलमधली गोष्ट असणार, ज्यू दावीद आणि धिप्पाड योद्धा गल्याथ यांच्या लढाईची. मराठी बायबलमध्ये गल्याथ ‘पलिष्टी’ आहे, आणि पलिष्टी हे पॅलेस्टिनींचे पूर्वज असा समज सहज होतो. नाव तिथूनच आलं, हे खरं. पण पलिष्टी हे समुद्रमार्गे येऊन गाझा-अश्कलोनच्या किनाऱ्यावर वसलेले लोक. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने त्यांची नगरं उद्ध्वस्त केल्यावर वेगळा समाज म्हणून ते इतिहासातून पुसले गेले. उरलं ते भूमीचं नाव. ग्रीक हेरोडोटसने ते वापरलं. पुढे इ. स. १३२ ते १३५ मधलं ज्यूंचं, बार कोखबाच्या नेतृत्वाखालचं बंड मोडल्यावर रोमनांनी ‘यहूदिया’ प्रांताचं नाव बदलून ‘सीरिया पॅलेस्टिना’ केलं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे ‘फिलस्तीन’ झालं आणि सातव्या शतकानंतर त्याच नावाचा एक अरब प्रशासकीय जिल्हा होता. आपला ‘पॅलेस्टाईन’ मात्र इंग्रजांकडून आलेला. म्हणजे नाव प्राचीन, पण त्या नावाखाली आज जी दोन माणसं समोरासमोर उभी आहेत त्यांचं भांडण प्राचीन नाही.

‘हाडवैर’ म्हणजे पिढ्यान् पिढ्या हाडात मुरलेलं, कारण विचारायची सोय न उरलेलं वैर. इथे कारणं विचारता येतात, आणि त्यांना सनावळीही आहे. उस्मानी तुर्कांच्या चारशे वर्षांत जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद, तिबेरियास इथे ज्यू राहत होतेच. बरोबरीचा दर्जा त्यांना नव्हता, तरी १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना आसरा मिळाला तो याच उस्मानी मुलखात. ज्यूंच्या वाट्याला आलेला घोर छळ मुख्यतः युरोपातला. ज्यू वस्त्यांवरच्या झुंडीच्या हल्ल्यासाठीचा ‘पोग्रोम’ हा शब्द रशियन आहे, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली, आणि १८८२ पासून ज्यूंच्या तुकड्या पॅलेस्टाईनकडे निघाल्या. त्या येण्याला हिब्रूत ‘आलिया’ म्हणतात, अर्थ ‘वर चढणं’. येणारा स्वतःला आलेला समजत नव्हता, परतलेला समजत होता. तिथे आधीपासून नांदणाऱ्या शेतकऱ्याला मात्र तो आलेलाच दिसत होता. माझ्या मते सगळा प्रश्न या दोन क्रियापदांमध्ये आहे.

आता ‘भाऊबंदकी’. भाऊबंदकीत दोघांची नावं एकाच सातबाऱ्यावर असतात आणि वाद वाटणीचा असतो. इथली जमिनीची गोष्ट निराळी. १८५८ च्या उस्मानी जमीन कायद्याने नोंदणी सक्तीची झाली. कर आणि सैन्यभरती यांच्या धास्तीने कित्येक शेतकऱ्यांनी नाव लावलंच नाही, आणि गावंच्या गावं शहरी धनिकांच्या नावे चढली. १९२० नंतरच्या काही वर्षांत बैरुतच्या सुरसुक घराण्याने यिज्रेल खोऱ्यातल्या आपल्या जमिनी ज्यू संस्थांना विकल्या. व्यवहार कायदेशीर, पैसे चोख. पण जमीन कसणाऱ्या अरब कुळांना उठावं लागलं. ‘कूळ’, ‘खोत’ हे शब्द ज्याच्या घरात बोलले गेले त्याला हे अधिक सांगायला नको. म्हणून ‘भाऊबंदकी’पेक्षा मला ‘तंटा’ जवळचा वाटतो. त्यात जमीन आहे, हक्काचा दावा आहे, आणि तो सुटू शकतो ही शक्यताही आहे.

राहिले तीन शब्द. ‘यहुदी’ आणि ‘ज्यू’ मुळात एकच. हिब्रू ‘येहुदी’, म्हणजे यहूदा वंशाचा किंवा प्रांताचा, तो अरबी-फारसीतून आपल्याकडे ‘यहुदी’ होऊन आला, आणि ग्रीक-लॅटिन-फ्रेंच-इंग्रजी असा वळसा घालून ‘ज्यू’ होऊन आला. ‘इस्रायली’ हे आज नागरिकत्व आहे. इस्रायलच्या नागरिकांत पाचांतला एक अरब आहे, आणि जगातले निम्म्याहून अधिक ज्यू इस्रायलबाहेर राहतात. तेव्हा ‘ज्यूंनी गाझावर हल्ला केला’ हे वाक्य जितकं चूक, तितकंच ‘पॅलेस्टिनींनी अपहरण केलं’ हेही. जे सरकार किंवा जी संघटना असेल तिचं नाव घ्यावं.

आणखी एक प्रतिसाद

माझं आजोळ अलिबागचं. तिथे इस्रायल आळी आहे. आमची आजी शेजाऱ्यांना ‘इस्रायल लोक’च म्हणायची; या नावाचा देश तिच्या लहानपणी नव्हताच. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलचे, अर्थात याकोबाचे, पुत्र. कोकणात ते घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’. आडनावं किहीमकर, पेणकर, नवगावकर. आणि गंमत बघा, आपल्या प्रार्थनास्थळाला ते ‘मशीद’ म्हणत. मुंबईतलं त्यांचं पहिलं १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. पुण्यात तर ससूनांच्या सिनेगॉगला लोकांनी ‘लाल देऊळ’ करून टाकलं. ते डेव्हिड ससून बगदादचे, त्यांच्या समाजाची घरातली बोली अरबी. तेव्हा ‘अरब’च्या उलट ‘ज्यू’ असं धरणंही जपूनच.

मूळ प्रतिसादकर्ता

ताई, फार नेमकं बोललात. ‘मुस्लिम–ज्यू संघर्ष’ असं लिहिणाऱ्यांसाठीही याची जोडी आहे. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या याफा शहरात १९११ साली ‘फलस्तीन’ नावाचं अरबी वृत्तपत्र निघालं, आणि पॅलेस्टिनी हे नाव लोकांच्या तोंडी रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. ते काढणारे इसा अल-इसा ख्रिस्ती होते.

ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाईनबद्दल केलेल्या जाहीरनाम्याचं राहिलं. २ नोव्हेंबर १९१७ च्या त्या पत्रात ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय गृह’ आहे. ‘राष्ट्र’ किंवा ‘राज्य’ हा शब्द मुद्दाम टाळलेला. आणि तिथल्या बहुसंख्य अरबांचा उल्लेख कसा, तर ‘विद्यमान ज्यूइतर समाज’. त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांना धक्का लागू नये असं म्हटलंय, राजकीय हक्कांचं नाव नाही. पॅलेस्टाईन ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर तिथे झालेल्या १९२२ च्या जनगणनेत एकूण सुमारे ७ लाख ५७ हजारांपैकी ज्यू होते सुमारे ८४ हजार. उरलेल्यांना नावच नाही, फक्त ‘इतर’! आपल्याकडे ‘ब्राह्मणेतर’ हा शब्द चळवळीने स्वतः उचलून अभिमानाने मिरवला. हा शब्द वरून लादलेला, तोही नऊ-दशांश लोकसंख्येवर. मला ते वाचताना आजही राग येतो. या जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या ज्या एकमेव ज्यू मंत्र्याने कडाडून विरोध केला, तो आपल्या पाठ्यपुस्तकातला माँटेग्यू, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा. ज्यूंना वेगळं राष्ट्र ठरवलं की आपापल्या देशात ते परके ठरतील, ही त्याची भीती.

ज्यूंची बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगा. १९२९ मध्ये हेब्रॉनच्या जुन्या ज्यू वस्तीत ६७ माणसं मारली गेली. १९३९ मध्ये, हिटलर दारात असताना, ब्रिटिशांनी पुढच्या पाच वर्षांसाठी फक्त ७५ हजार ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये प्रवेशाची मुभा ठेवली. ज्यांना दार मिळालं नाही त्यांचं काय झालं, ते जगाला माहीत आहे.

विचारणाऱ्या बाई

खूप आभार. एक शेवटचं : ‘वेस्ट बँक’ला ‘पश्चिम किनारा’ म्हणू ना? आणि ‘निर्वासित’ की ‘विस्थापित’?

मूळ प्रतिसादकर्ता

‘पश्चिम किनारा’ नको. मराठी मुलाला त्यातून कोकण दिसतं, आणि नकाशात ते भूमध्य समुद्र शोधत बसतात. ही यार्देन (जॉर्डन) नदीची पश्चिम बाजू आहे, नदीला आपण ‘तीर’ म्हणतो, तेव्हा ‘पश्चिम तीर’. इस्रायल सरकार तिलाच ‘यहूदा आणि शोमरोन’ म्हणतं. नाव घेतानाच दावा सांगितला जातो.

१९४८ मध्ये, इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात, घरं सुटलेल्या सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींसाठी ‘निर्वासित’च. ‘विस्थापित’ म्हटलं की आपल्याला धरण आठवतं, आणि मागोमाग पुनर्वसनाचा कागद. ‘निर्वासित’मध्ये वास हिरावला गेल्याचा अर्थ आहे. त्या घटनेला ते ‘नकबा’ म्हणतात, म्हणजे अरिष्ट. त्याच वर्षीच्या त्याच लढाईला इस्रायली ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणतात. पुढच्या काळात अरब देशांतून जे लाखो ज्यू बाहेर पडले, त्यांनाही ‘निर्वासित’ शब्द लागू आहे, हे विसरू नये.

मथळ्यात ‘ज्यू विरुद्ध पॅलेस्टिनी’ असंच लिहायचं असेल तर ही जोडी १९४८ नंतरची आहे हे मुलांना माहीत असू द्या. त्याआधी ब्रिटिश अमलात ज्यू रहिवाशाच्या कागदावरही ‘पॅलेस्टिनी नागरिक’ असंच होतं. १९३६ मध्ये ज्यू वादकांनी उभारलेल्या वाद्यवृंदाचं नाव ‘पॅलेस्टाईन ऑर्केस्ट्रा’. पुढे तोच इस्रायल फिलहार्मोनिक झाला आणि मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी अनेक दशकं चालवला. त्या काळच्या नाण्यांवर इंग्रजी, अरबी आणि हिब्रू अशा तिन्ही लिप्यांत पॅलेस्टाईन आहे. फक्त हिब्रू नावापुढे कंसात दोन छोटी अक्षरं जोडलेली : आलेफ, योद. ‘एरेत्झ इस्रायल’, इस्रायलची भूमी, याची आद्याक्षरं. अरब पुढाऱ्यांना तेवढी दोन अक्षरंही खुपत होती, आणि ज्यू पुढाऱ्यांना ती अपुरी वाटत होती. नाण्याचं चित्र मिळालं तर भित्तिपत्रकावर मधोमध लावा.