१९६७ची जॅग्वार ई-टाइप: उघडे दिवे, पण तीन कार्ब्युरेटर. अशा गाड्या किती बनल्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे जुन्या ब्रिटिश गाड्यांचे जाणकार आहेत. टाटांनी २००८ साली जॅग्वार घेतल्यापासून तिच्या कामासाठी इंग्लंडात कॉव्हेंट्री-गेडनकडे गेलेले पुण्याचे इंजिनिअरही इथे वाचत असतात. म्हणून इथेच विचारतो.

माझ्याकडे, कॅलिफोर्नियात, १९६७च्या उन्हाळ्यात बनलेली ई-टाइप रोडस्टर (उघड्या टपाची) आहे. डावं स्टिअरिंग, ४.२ लिटर. पुढच्या दिव्यांवर काच नाही, पण डॅशबोर्डवर जुन्या टॉगल स्विचची रांग तशीच आहे आणि बॉनेट उचललं की एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारे). पहिली सीरीज म्हणावी तर दिवे आड येतात. 'दीड', म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या सीरीजच्या मधली, म्हणावी तर दिव्यांखेरीज तिच्यात दीडचं काहीच नाही. हौशी मंडळी अशा गाडीला 'सव्वा' म्हणतात.

विम्यासाठी मूल्यांकन करणाऱ्याने अहवालात 'अशा इतक्याच बनल्या' म्हणून एक आकडा ठोकून दिला. आधार विचारला, तर म्हणाला, सगळीकडे हाच देतात. शोधायला गेलं तर दोन ठिकाणी दोन आकडे. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाकडे जाईल, तेव्हा कागदावर खोटा आकडा जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ई-टाइप मार्च १९६१मध्ये जिनिव्हात आली, १९६४च्या शरदात इंजिन ३.८चं ४.२ झालं. १ जानेवारी १९६८पासून बनणाऱ्या गाड्यांना अमेरिकेत सुरक्षिततेचे आणि धुराचे नवे नियम लागू होणार होते, आणि ई-टाइपचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. त्यामुळे दिव्यांवरची काच गेली, टॉगलच्या जागी चपटे रॉकर स्विच आले, अमेरिकेसाठीच्या गाड्यांत तीन एसयूऐवजी स्ट्रॉमबर्ग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आले. पण हे बदल एकाच दिवशी झाले नाहीत. दिवे आधी बदलले, बाकीचं मागून आलं. सीरीज २ तर १९६८च्या शरदात आली.

खरी गोम इथे आहे. 'सव्वा' आणि 'दीड' ही नावं नंतर हौशी लोकांनी पाडली. जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याच्या लेखी या सगळ्या '१ई'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या ४.२च होत्या, मग वेगळी मोजदाद ठेवणार कोण? त्यामुळे लोक चॅसी (गाडीच्या सांगाड्याच्या) क्रमांकांची वजाबाकी करतात. डाव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरमध्ये उघडे दिवे १ई १५८८९पासून, असं बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं. तिथून रॉकर स्विचवाल्या पहिल्या गाडीपर्यंतचे क्रमांक मोजले की झाला आकडा. मला हे पटत नाही. पहिलं म्हणजे रोडस्टर, कूपे (बंद टपाची) आणि २+२ (मागे दोन छोट्या सीट असलेली) यांच्या क्रमांकांच्या मालिका वेगळ्या, त्यातही डाव्या-उजव्या स्टिअरिंगच्या वेगळ्या. म्हणजे एकूण सहा मालिका. अनेक जण एका मालिकेची वजाबाकी करून ती सगळ्या ई-टाइपचा आकडा म्हणून सांगतात. दुसरं, क्रमांक ओळीने पडले म्हणून गाड्या त्याच ओळीने तयार होऊन बाहेर पडल्या असं नाही. सीमेवरच्या क्रमांकांत जुनं-नवं मिसळलेलं असणारच.

त्यात मालकांनी केलेले फेरफार. स्ट्रॉमबर्ग काढून तीन एसयू बसवणं अमेरिकेत सर्रास चालतं. शिवाय १९६७ला बनलेली गाडी विकली गेली त्या वर्षाने, म्हणजे १९६८ची म्हणून नोंदवली जायची, त्यामुळे नोंदणीच्या कागदावरून काही ठरत नाही.

माझे प्रश्न:

जॅग्वारच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या गेडनच्या हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. त्यात उत्पादनाची तारीख, इंजिन आणि बॉडी क्रमांक, रंग, पहिला वितरक एवढंच आहे. स्विच किंवा कार्ब्युरेटर यांची नोंद असलेलं कारखान्याचं काही दप्तर कुणी पाहिलं आहे का?

१९६७च्या उत्तरार्धातली ई-टाइप कुणाकडे वा ओळखीत असेल तर दिवे, स्विच, कार्ब्युरेटर आणि उत्पादनाची तारीख एवढं कळवाल का? क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झाकले तरी चालतील.

माझ्या गाडीवरचे तीन एसयू मूळचेच आहेत हे कशावरून सिद्ध करता येईल?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आधी इंजिन क्रमांक पाहा. ब्लॉकच्या उजव्या बाजूला तेलाच्या फिल्टरच्या वर एक ठसा असतो आणि हेडच्या पुढच्या टोकाला दुसरा. दोन्ही ७ई ने सुरू होणारे, एकमेकांशी आणि प्रमाणपत्राशी जुळणारे हवेत. जुळले तरी त्यातून इंजिन मूळचं एवढंच ठरतं, कार्ब्युरेटरचं नाही. त्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ्यांचा भाग) बघा. स्ट्रॉमबर्गच्या गाड्यांत मिश्रण गरम करण्यासाठी इंजिनावरून आडवा एक नळ एक्झॉस्टच्या बाजूला जायचा. एसयू बसवणारे लोक तो नळ काढतात, पण खालचा मॅनिफोल्ड बऱ्याचदा तसाच ठेवतात. तिथे बंद केलेल्या जागा दिसल्या तर शंका घ्या. टॉगलचा डॅशबोर्ड आणि त्यामागची वायरिंग न छेडलेली असेल, तर तो तुमच्या बाजूने चांगला पुरावा.

संख्येबद्दल: अशा गाड्यांची क्रमांकवार यादी केलीत तर काच असलेली शेवटची आणि नसलेली पहिली गाडी सापडेल, तसंच टॉगलची शेवटची आणि रॉकरची पहिली. मधल्या पट्ट्यातून 'यापेक्षा जास्त नाहीत' एवढी वरची मर्यादा निघेल, तीही त्या एका मालिकेपुरती. अहवालात आकडा घालूच देऊ नका. गाडीवर काय आहे आणि त्याचा पुरावा काय, तेवढंच लिहून घ्या.

धागाकर्ता

आभारी आहे. मॅनिफोल्डचे फोटो शनिवारी टाकतो. यादी याच धाग्यात सुरू करू या. पहिली नोंद माझी: डावं स्टिअरिंग, रोडस्टर, उघडे दिवे, टॉगल, तीन एसयू, ऑगस्ट १९६७.