हिमोलिसिसला मराठीत काय म्हणावं?

रानमोगरा: सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, त्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसाठी माहितीपत्रक करतेय, गडचिरोलीत वाटायला. ‘हिमोलिसिसमुळे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढू शकतो’ असं वाक्य आहे. हिमोलिसिसला, म्हणजे तांबड्या रक्तपेशी नष्ट होण्याला, ‘रक्तपेशीक्षय’ लिहिलं. एका आजींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "म्हंजे टीबीच ना?" दुसरा शब्द सुचवा.

टाकबोरू: क्षय आणि फुप्फुस एका ओळीत आल्यावर आजींना दुसरं काय वाटणार! ‘रक्तविलयन’ करा.

गोंदियाकर: विलयन म्हणजे विरघळणं. पेशी काय साखर आहे? ती फुटते. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस टिकते, सिकलची जेमतेम 10 ते 20. फुटली की हिमोग्लोबिन बाहेर सांडतं आणि वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं. वर आर्जिनेज नावाचं विकर (एन्झाइम) सुटतं, ते त्या ऑक्साइडचा कच्चा मालच संपवतं. वाहिन्या आवळतात. ‘पेशी फुटणे’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

टाकबोरू: आणि हिमोलिटिक ॲनिमिया? फुटका पंडुरोग?

गोंदियाकर: पंडुरोग तरी कोण म्हणतं? आमच्याकडे ‘रक्त कमी’ म्हणतात.

सुपारी: मला ‘फुप्फुसीय उच्च रक्तदाब’ जास्त खटकतो. मावसभावाला सिकलसेल आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून डॉक्टर हेच म्हणाले, तर मावशी भांडायला उठली. "आत्ताच दंडाला पट्टा बांधून मोजलंत, 100/60 आलं, बीपी कसलं?" सिकलसेलवाल्यांचं दंडावरचं बीपी बहुधा कमीच भरतं. रक्तदाब शब्द टाळाच.

रानमोगरा: अगदी हेच होणार. ‘फुप्फुसातल्या नळ्यांवरचा ताण’?

टाकबोरू: ताण म्हणजे टेन्शन. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवतील.

शुद्धलेखक: आधी फुप्फुस की फुफ्फुस ते ठरवा. मूळ संस्कृत शब्द फुप्फुस.

गोंदियाकर: जीभ फुफ्फुस म्हणते, तिला कोण नियम शिकवणार.

रानमोगरा: ते राहू दे. पेशी फुटून डोळे पिवळे होतात, तिथे ‘कावीळ’ लिहू का? लोक लगेच काविळीची माळ घालायला नेतात.

सुपारी: आमची आजी म्हणायची, कावळा शिवला की कावीळ होते, म्हणून ते नाव.

शुद्धलेखक: कावळ्याचा काय संबंध? संस्कृत कामला, त्याची कावीळ.

सुपारी: मग आजी खोटं बोलायची का?